कव्हर साँगचा प्रोजेक्ट करतोयस ना? मग माइकच्या आधी पट्टी ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा की ऑडिओच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाला आहेस, सेमिस्टर प्रोजेक्ट म्हणून एका जुन्या मराठी भावगीताचं तीन-साडेतीन मिनिटांचं कव्हर करायचंय, वर्गातली मैत्रीण गाणार, एक मित्र हार्मोनियम वाजवतो, दुसरा तबला, कॉलेजचा स्टुडिओ सगळा मिळून चार तास मिळणार आणि बाकीचं रूमवर करायचंय. हाताशी दोन इनपुटचं इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), एक कंडेन्सर माइक आणि एक शुअर एसएम५७ हा डायनॅमिक माइक. कुठला माइक कुठे लावू, मिक्सला कुठले प्लगइन वापरू आणि कॉपीराइटचं काय, असे तीन प्रश्न विचारलेस. मी २००४ पासून रेकॉर्डिंग करतोय, त्यातलं बरंचसं भावगीत, नाट्यसंगीत, अभंग हेच, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. जरा लांबेल.

तू जे विचारलं नाहीस तिथूनच सुरू करतो, कारण सगळा प्रोजेक्ट त्यावर उभा राहतो. ती कुठल्या पट्टीत गाणार आहे? विद्यार्थ्यांची कव्हर्स ऐकायला मला अधूनमधून बोलावतात आणि तिथे सारखं हेच दिसतं की मूळ गाण्याचा कराओके ट्रॅक कुठून तरी उतरवलेला असतो, तो मूळ गायिकेच्या पट्टीत असतो, आणि आपली गाणारी पोरगी त्या पट्टीत स्वतःला कसंतरी बसवत असते. मुखडा छान होतो, अंतरा वर गेला की गळा आवळतो, मग चेहऱ्यावर ताण, मग शब्द चावले जातात, आणि मग मुलं मला विचारतात सर मिक्समध्ये आवाज पातळ का वाटतोय. तो आवाज रेकॉर्ड होतानाच पातळ झालेला असतो, इक्यू (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करायचं साधन) काय करणार. ट्रॅक गाणाऱ्याच्या गळ्यावर बांधायचा असतो आणि तुझ्याकडे हार्मोनियम आणि तबला वाजवणारी खरी माणसं आहेत म्हणजे तुला ते करता येतंय, तर कराओके ट्रॅककडे बघूसुद्धा नकोस.

पट्टी कशी काढायची ते सांगतो. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोध, साधारणपणे खालचा मुखड्यात आणि वरचा अंतऱ्यात असतो. पट्टी मुखड्यावरून ठरवायची नाही, अंतऱ्यावरून ठरवायची, कारण मुखडा कुठेही गाता येतो. समजा मूळ गाणं काळी पाचला आहे (म्हणजे सप्तकातली पाचवी काळी हा सा), तर तिला ते काळी पाच, काळी चार आणि काळी तीन अशा तिन्ही पट्ट्यांत हार्मोनियमवर पूर्ण गायला लाव, फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर वरची पट्टी जास्त चकचकीत वाटते आणि माणूस फसतो. फार खाली पण नेऊ नको, खाली गेलं की मुखड्याच्या ओळींचे शेवटचे शब्द नुसती हवा होतात, अर्थ पोचत नाही. जिथे अंतरा ती हसत हसत म्हणू शकते आणि मुखड्याच्या शेवटच्या अक्षराला आवाज राहतो ती तिची पट्टी.

पट्टी ठरली की लगेच तबलजीला फोन कर, त्याच दिवशी. तबला वाटेल त्या सुराला लागत नाही, एकाच तबल्यावर अर्धा सूर, फार तर एक सूर इकडे तिकडे होतो, त्यापुढे ओढला तर शाईचा आवाज मरतो आणि सैल सोडला तर बद्द वाजतो. मुलांकडे बहुतेक वेळा काळी एकच्या आसपासचा तबला असतो कारण पुरुषांच्या गाण्याला तोच लागतो. तुझी मैत्रीण काळी चारला गात असेल तर मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला लागेल, तो कुणाकडून तरी मागून आणावा लागेल, आणि हे रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी कळलं तर चार तासातले दोन तास गेलेच म्हणून समज.

आता हार्मोनियम. यात मी स्वतः एकदा पूर्ण रात्र घालवलेली आहे. एका नाट्यपदाच्या रेकॉर्डिंगला आम्ही जुनी पेटी घेतली, सुंदर आवाज, आणि खाली कीबोर्डचा हलकासा पॅड, म्हणजे मागे धरून ठेवलेले सूर, टाकला. सगळं सुरात आणि तरी काहीतरी टोचत होतं. गायिका सारखी म्हणायची माझा सूर लागत नाहीये, आणि मी तिलाच परत परत गायला लावत होतो. पहाटे ट्यूनर लावून बघितलं तेव्हा कळलं की पेटीचा षड्ज कीबोर्डपेक्षा चढा आहे. कीबोर्ड ४४० हर्ट्झला, पेटी साधारण ४४४ ला, म्हणजे जवळपास १६ सेंटचा फरक (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). अर्ध्या सुराचा सहावा हिस्साही नाही, पण भावगीताच्या संथ लयीत तो कानाला लागतोच. तिची काहीही चूक नव्हती, ती कधी पेटीला धरून गात होती, कधी पॅडला. तेव्हापासून माझा नियम आहे, सेशनच्या आधी पेटीचे तीन-चार सूर ट्यूनरवर बघायचे, आकडा लिहून ठेवायचा आणि बाकी सगळं, तानपुऱ्याचं ॲप, कीबोर्ड, तबला, त्या आकड्याला लावायचं. पेटीच्या आतल्या रीड घासून सूर बदलावा लागतो, ते काम कारागिराचं, म्हणून जे हलत नाही त्याला बाकीच्यांनी धरायचं.

क्लिक (कानात ठरावीक वेगाने वाजणारी टिकटिक) लावायचा की नाही हा पुढचा प्रश्न तू विचारणारच आहेस. जुन्या भावगीतांच्या रेकॉर्डिंगला सगळे वादक आणि गायक एकाच वेळी एकाच हॉलमध्ये असायचे, लय माणसांच्या हातात असायची, अंतऱ्याला किंचित पुढे सरकायची, ध्रुवपदावर येताना परत बसायची. ते गाणं ११० बीपीएमच्या (मिनिटाला ११० ठोक्यांच्या) खिळ्याला टांगलं की शब्दांचा श्वास जातो. तुझ्याकडे प्रोग्रॅम केलेले ड्रम नाहीत, लूप नाहीत, मग क्लिकची गरजच काय. मी असतो तर तिघांना रूमवर एकत्र बसवून एक गाईड ट्रॅक घेतला असता, एकच माइक, तिघं मिळून गाणं पूर्ण, सुरुवातीला ठेक्याचं एक आवर्तन मोजणीसाठी, आणि असे चार-पाच गाईड घेऊन त्यातला ज्यात लय सगळ्यात सुखाने चालली आहे तो ठेवला असता. मग त्या गाईडवर एकेक वाद्य स्वच्छ रेकॉर्ड करायचं. यात तोटा एकच, पहिल्या अंतऱ्याचा तबला उचलून दुसऱ्याला चिकटवता येत नाही. पण तबलजी समोर बसलेला असताना चिकटवायचं कशाला, परत वाजवून घे ना. तुला नंतर गिटारचा लूप वगैरे टाकायचाच असेल तर मात्र गाईडमधल्या प्रत्येक समेवर टेंपो मार्कर टाकून डॉमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टेंपो मॅप तयार कर, म्हणजे ग्रिड गाण्याच्या मागे चालेल.

गाईड घेण्याआधी अजून एक काम, कागद-पेन्सिल घेऊन मूळ गाणं वीस वेळा ऐक. सुरुवातीचं म्युझिक किती सेकंद, ध्रुवपद किती वेळा, दोन अंतऱ्यांमधल्या पीसमध्ये कोण वाजवतंय, तबला कुठे थांबतो, हे सगळं लिही. मग ठरव काय ठेवायचं आणि काय सोडायचं. मूळ गाण्यात व्हायोलिनांचा ताफा असेल तर कीबोर्डवरच्या नकली व्हायोलिननी त्याची नक्कल करू नको, हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या कानात मूळ व्हायोलिनं असतात आणि तुझी त्यापुढे गरीबच वाटणार. तोच पीस हार्मोनियमवर अर्धा करून वाजव, किंवा नुसता तबला आणि तिचा आलाप ठेव. तुझ्याकडे तीन माणसं आहेत तर तीन माणसांचं गाणं कर. परीक्षकाला तुझा निर्णय ऐकू यायला हवा.

आता चार तासांचा स्टुडिओ. सगळे तो गाण्यासाठी राखून ठेवतात, मी उलटं सांगेन, तो तबल्यासाठी आणि हार्मोनियमसाठी वापर. तबल्याला मोकळी, उंच छताची खोली लागते, दोन चांगले माइक लागतात आणि शेजाऱ्यांची तक्रार नको असते. गाण्याला काय लागतं तर वेळ. घड्याळाकडे बघत गाणारी मुलगी कधीच मोकळी गात नाही. गळा माइकच्या जवळ असतो, त्यामुळे खोली थोडी कमी-जास्त असली तरी सांभाळून घेता येतं.

तबल्याला दोन माइक, एक तबल्याच्या वर, एक डग्ग्याच्या वर, दोन्ही साधारण एक ते दीड फुटावर, समोरच्या बाजूने खाली वाकवलेले. फार जवळ नेलेस तर नुसतं टक ऐकू येतं, चाटेचा सूर फुलायला थोडी जागा लागते, शिवाय हात माइकला लागायची भीती. लेव्हल ठेवताना त्याला सगळ्यात जोरात काय वाजवणार ते वाजवायला सांग, तिहाई, रेला, आणि तिथे मीटर उणे दहा डीबीच्या आसपास थांबलं पाहिजे. चोवीस बिटला रेकॉर्ड करतोयस, शून्याजवळ जायची काहीही गरज नाही, उलट साउंडचेकला सगळे हळू वाजवतात आणि टेकला जोर येतो हे धरूनच चालायचं. मग दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये ऐकून एका ट्रॅकचं फेज (लहरीची दिशा) उलटं करून बघ, ज्या स्थितीत डग्गा भरीव वाटतो ती ठेव. दोन मिनिटांचं काम आहे पण हे न केल्याने डग्गा गायब झालेले प्रोजेक्ट मी ऐकलेत. हातातल्या अंगठ्या, कडं, घड्याळ आधी काढून ठेवायला सांग.

पेटीचा माइक भात्यापासून लांब, वरच्या बाजूने दीड-दोन फुटांवर. जवळ गेलास की भात्याची हवा आणि पट्ट्यांची खटखट पेटीपेक्षा मोठी होते. पेटीला खर्जाच्या सुरांचं बटण वेगळं असेल तर ते बंद ठेव, खालची जागा डग्ग्याला लागणार आहे. आणि वादकाला आधीच सांग की गाण्याच्या ओळीवर तिच्या मागे मागे प्रत्येक सूर वाजवायचा नाही. मैफलीत ती साथ छान वाटते, रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि पेटी एकाच जागेत येतात, दोघंही पुसट होतात. ओळीखाली एखादा धरलेला सूर आणि ओळ संपली की छोटीशी जागा भरणं, एवढंच. मिक्समध्ये तुला जो त्रास होणार होता त्यातला बराचसा इथेच संपतो.

गाणं रूमवर. वेळ रात्री अकरानंतरची घे, गाड्या कमी, शेजारचा कुकर बंद, टीव्ही बंद. पहाटेची वेळ शांत असेल असं वाटतं पण उन्हाळ्यात पहाटे कोकीळ सुरू होतो आणि तो प्रत्येक टेकमध्ये येतो, हे मी पुण्यात अनेकदा भोगलंय. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी बंद, पण परत सुरू करायची आठवण राहावी म्हणून खोलीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, ही जुन्या रेकॉर्डिस्टची युक्ती आहे. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घुं असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा हम, अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या घरांत हमखास येतो, बॅटरीवर चालव, जातो.

गोधड्या कुठे लावायच्या यात सगळे चुकतात, माइकच्या मागे लावतात. तुझा कंडेन्सर कार्डिऑइड (एकाच बाजूने ऐकणारा) असेल तर तो पुढून ऐकतो, मागून फार कमी ऐकतो. पुढे काय आहे तर गाणारी मुलगी आणि तिच्या मागची भिंत. म्हणजे तिचा आवाज खोलीत फिरून तिच्या खांद्यांवरून माइककडे येतो, तर गोधडी, गादी, जाड रजई तिच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना लाव. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून उभं केलंस तरी चालेल. एक इंचाचे फोमचे तुकडे विकत घेऊ नकोस, ते फक्त वरचा चमचमीत भाग खातात आणि खोलीचा डब्यासारखा आवाज तसाच राहतो. इतकं करूनही खोली ऐकू येत असेल तर कंडेन्सर बाजूला ठेवून एसएम५७ वर पॉप फिल्टर (तोंडाची हवा अडवणारी जाळी) लावून जवळून गाऊन बघ. डायनॅमिक माइक कमी बारकाई पकडतो आणि वाईट खोलीत तोच गुण ठरतो. दोन्हीवर एकेक कडवं घे आणि कानाने ठरव, महाग कुठला ते विसर.

माइक तोंडापासून एक वीत, मध्ये चार बोटांवर पॉप फिल्टर, आणि माइक ओठांच्या थोडा वर ठेवून खाली तोंडाकडे वळव. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख यांची हवा जोरदार येते, समोरून माइक असला की प्रत्येक भ ला धप्प होतं. हेडफोन बंद पाठीचे पाहिजेत, नाहीतर हळुवार ओळीत गाईड गळतो. आणि तिला तिचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐकव, लॅपटॉपमधून फिरवून नको. ४८ किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १०२४ असेल तर एका फेरीलाच २१ मिलिसेकंद जातात, येऊन-जाऊन त्याच्या दुप्पट, आणि गाणाऱ्याला आपण चिखलात चालतोय असं वाटतं. सूर उतरायला लागला तर आधी तिला काही बोलू नकोस, हेडफोनचा आवाज कमी कर, तानपुरा किंचित वाढव, एक कान उघडा ठेवायला सांग. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

टेक घेण्याआधी मी गायकाला एक गोष्ट नेहमी करायला लावतो, कविता वाचून दाखव म्हणतो. चाल विसरून, नुसती वाच. भावगीत म्हणजे आधी कविता, आणि चालीच्या नादात आपण शब्द भलतीकडे तोडतो हे वाचल्यावर कळतं. कुठे श्वास घ्यायचा ते तिथेच पेन्सिलने खुणा करून ठरतं. मग चार-पाच टेक पूर्ण गाण्याचे घे, ओळ-ओळ करत बसू नको, ओळ-ओळ घेतलेलं गाणं ऐकताना तुकड्यांचंच वाटतं. पूर्ण टेकमधून कडवी निवड, आणि जिथे खरंच चुकलंय तिथेच एखादी ओळ परत घे. पाचव्या-सहाव्या टेकनंतर सूर जास्त पक्का होतो आणि भाव उडून जातो, असं मला बहुतेक सगळ्या गायकांच्या बाबतीत दिसलंय, म्हणून पहिला टेक कधीच पुसू नकोस. श्वास कापून टाकू नकोस, फार मोठा असेल तर सहा-आठ डीबी खाली घे.

ऑटोट्यूनबद्दल, म्हणजे सूर आपोआप सरळ करणाऱ्या प्लगइनबद्दल, माझं मत कडक आहे. आपल्या गाण्यात सूर एका जागी उभा नसतो, मींड असते, मुरकी असते, गंधार थोडा झुलवलेला असतो. प्लगइनला क्रोमॅटिकवर (बाराही सुरांवर) ठेवून वेगाने ओढलंस तर मींडेच्या पायऱ्या होतात. सुधारायचंच असेल तर हाताने, एकेक लांब धरलेला सूर, तोही ओळीच्या शेवटचा, आणि त्याच्या आतला कंप तसाच ठेवून फक्त मध्य सरकव. दहापेक्षा जास्त जागा सुधाराव्या लागत असतील तर परत गाऊन घे.

मिक्सला सगळ्यात कमी लिहितो कारण वरचं नीट झालं तर तिथे फार काही उरत नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस ट्रायलवर पूर्ण चालतं, प्रोजेक्टला पुरेल, त्यातले स्वतःचे प्लगइन उत्तम आहेत. सोबत टीडीआर नोव्हा (इक्यू) आणि यूलीन लाउडनेस मीटर या दोन्हींच्या फुकट आवृत्त्या घे, बास. आधी एकही प्लगइन न लावता नुसत्या फेडरवर गाणं उभं कर, तास दोन तास लागू देत. आवाजाला ९०-१०० हर्ट्झच्या खालचं काप, गोधड्यांमुळे २५० च्या आसपास बोदेपणा आला असेल तर दोन-तीन डीबी काढ, स आणि श टोचत असतील तर पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये डीएसर, पण हलका, नाहीतर ती बोबडी होते. काँप्रेसरच्या (मोठे आवाज दाबणाऱ्या प्लगइनच्या) आधी ओळीओळीचा आवाज हाताने वर-खाली करून घे, मग तीनास एकच्या रेशोवर तीन-चार डीबी दाबलं की पुरतं. रिव्हर्ब (घुमारा) एकच, प्लेट प्रकारचा, दीड सेकंदाच्या आसपास, ३० मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत), म्हणजे शब्द पुढे राहतात आणि खोली मागे. रिव्हर्बच्या ट्रॅकवरही खालचे २०० हर्ट्झ काप. पेटी थोडी डावीकडे, तबला किंचित उजवीकडे, आवाज आणि डग्गा मध्यभागी.

मग फोनच्या स्पीकरवर ऐक, कारण तुझे परीक्षक सोडून बाकी सगळे तिथेच ऐकणार आहेत. फोनवर डग्गा जवळजवळ नाहीसा होतो, तर डग्ग्याच्या ट्रॅकला थोडं सॅच्युरेशन दे, वरचे हार्मोनिक तयार होतात आणि फोनवरही घुमक जाणवते. शेवटी लाउडनेस, यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वरचं गाणं खाली आणतात, त्यामुळे लिमिटरमध्ये गाणं चिरडून काही मिळत नाही. तीन माणसांचं भावगीत उणे १६ ला असलं तरी चालतं, ट्रू पीक उणे एकच्या खाली ठेव.

आता कॉपीराइट, आणि हे नीट वाच कारण यात ऐकीव माहिती फार फिरते. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात, शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० सालची तबकडी आज हक्कातून मोकळी झालेली असेल पण गाणं मोकळं झालेलं नसतं. गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे, सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींवर २०६२ अखेरपर्यंत. अभंग घेतलास तरी तेच, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ते २०११ साली गेलेत, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत थांब. आणि कराओके ट्रॅक हे कुणाचं तरी वेगळं रेकॉर्डिंग असतं, त्याचा हक्क त्याच्या कंपनीकडे.

कॉलेजात जमा करायला अडचण येऊ नये, कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणाच्या ओघात विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने केलेल्या वापराला आणि संस्थेतल्या विद्यार्थी-पालकांपुढच्या सादरीकरणाला सूट आहे. प्रश्न येतो बाहेर टाकताना. २०१२ च्या दुरुस्तीत कव्हरसाठी कलम ३१सी आलं, त्यात मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं झालेली हवीत, मालकांना आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रती धरून, शब्द-चालीत मनमानी बदल करायचे नाहीत, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं, वेष्टनावर मूळ गायकाचं नाव-फोटो टाकायचे नाहीत. हे सीडी-कॅसेट काढणाऱ्या कंपनीच्या मापाचं आहे, विद्यार्थ्याच्या खिशाच्या नाही. यूट्यूबवर बऱ्याचदा काय होतं तर कंटेंट आयडी ही यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते, दावा लागतो, व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, पण मालकाने काढायला सांगितलं तर काढावा लागतो. दावा लागला म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नकोस. गाणं स्वतःच्या नावाने सगळीकडे टाकायचं असेल तर प्रकाशकाला किंवा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला लिहून विचार.

आणि बाहेर टाकायची इच्छा पक्की असेल तर माझं ऐक, भावगीताऐवजी जुनं नाट्यपद घे. मानापमान हे नाटक १९११ चं, पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले, म्हणजे २०१६ पासून शब्द आणि चाल दोन्ही मोकळी. पेटी आणि तबला ही तर त्या गाण्यांची मूळचीच साथ, तुझ्या तीन माणसांना याहून योग्य काही नाही. फक्त मूळ चालच घेतोयस ना ते तपास, नंतर कुणी नवी चाल लावली असेल तर ती वेगळी. तुझी मैत्रीण नाट्यपद गायला घाबरत असेल तर तिला सांग, ताना कमी करून पद साधं म्हटलं तरी ते सुंदरच लागतं.

जमा करताना फोल्डरमध्ये चोवीस बिटची वेव्ह फाइल, आवाज-पेटी-तबल्याचे वेगळे स्टेम (प्रत्येकाची स्वतंत्र फाइल), प्रोजेक्ट फाइल, आणि एक पानभर नोंद, पट्टी कुठली, पेटी किती हर्ट्झला होती, कुठला माइक किती अंतरावर, कुठला टेक का निवडला. या सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेव, लॅपटॉप जमा करायच्या आदल्या रात्रीच बंद पडतात. आणि नावं लिहिताना कवीचं पहिलं, मग संगीतकाराचं, मग मूळ गायकाचं, मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्या तिघांची, सगळ्यात शेवटी रेकॉर्डिंग आणि मिक्स म्हणून तुझं. पट्टी ठरली की मला कळव, तबला कुठल्या मापाचा आणायचा ते बघू.